नागपूर–सँटियागो, अठ्ठेचाळीस मिनिटं

दिगंबर ढोबळे एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, वेळेवर पोचणारी आणि कारणं सांगणारी. एकुलती एक लेक, ऋजुता, लग्न करून चिलीमधल्या सँटियागोला गेली तेव्हा त्यांनी डोळे नंतर पुसले, आधी अंतर काढलं. सोळा हजार सातशे किलोमीटर. वाटेत तीन ठिकाणी विमान बदलायचं, थांबे धरून चौतीस तास, आणि तेही आठवड्यातून दोनच दिवस.

"याहून लांब मुलगी द्यायची तर समुद्रातच द्यावी लागेल," ते म्हणाले.

"तिथेही तुम्ही एखादा विनंती थांबा काढालच," त्यांची बायको हर्षा म्हणाली.

म्हणून ‘निमिष’ यानसेवा सुरू झाली तेव्हा घरात सणासारखं वातावरण होतं. नागपूर ते सँटियागो, अठ्ठेचाळीस मिनिटं. दिगंबररावांनी ते आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. अठ्ठेचाळीस मिनिटांत आपली बस धड वाडीनाकाही ओलांडत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कंपनीने छापलेली माहितीपुस्तिका त्यांनी हर्षाला वाचून दाखवली, तेव्हा ती एका लग्नाला निघायच्या घाईत निऱ्या करत होती.

"हे यान वेगाने जातच नाही. वाट आखूड करतं. पुढची जागा गोळा करायची, मागची सोडून द्यायची. यान मधल्या फुग्यात स्वस्थ. कागदावर हे गणित कधीचं होतं म्हणे, पण त्याला सूर्याएवढी ऊर्जा लागायची. आता तेवढी लागत नाही, असं यांना सापडलं."

"आणि आतली माणसं?"

"झोपवतात, एकेकाला कोशात. जागा आकसते तेव्हा पोटात ढवळतं. घड्याळ, फोन काही चालत नाही तिथे. पेटीत बंद."

हर्षाने हातातल्या निऱ्यांकडे पाहिलं. दीड मीटर कापड तिने वीतभर जागेत गोळा केलं होतं. वरच्या काठावरून मुंगी चालली तर चार पावलांत पलीकडे गेली असती.

"पण कापड कुठे जातं?" तिने विचारलं.

"जातं कुठे? आहे की घडीत."

"मग जी मुंगी घडीच्या आतून जाते, तिने किती चालायचं?"

दिगंबररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, मोठमोठे शास्त्रज्ञ बसलेत तिथे. तू निऱ्या खोच."

"मी विचारलं नुसतं," हर्षा म्हणाली आणि निऱ्या खोचल्या.

घराच्या पुढच्या खोलीत हर्षाचं पार्लर होतं. कुठला कोर्स केलेला नव्हता. मासिकांतली चित्रं बघून, शेजारणींच्या भुवया बिघडवून आणि मग सुधारून ती शिकली होती. तीस वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की बाई वय लपवते, पण अंग दिवस मोजत असतं. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. हाताचं नख तीन मिलिमीटर. मेंदी तिसऱ्या दिवशी काळपट, आठव्या दिवशी विटकरी, अकराव्या दिवशी चट्टे. कॅलेंडर नसतं तरी गिऱ्हाइकाचे हात बघून हर्षाने तारीख सांगितली असती.

म्हणून पेठकर मॅडमचं तिला कोडं पडलं होतं. सुनंदा पेठकर आर्किटेक्ट, वय चव्वेचाळीस, सँटियागोत कसलीशी मोठी इमारत उभारत होत्या आणि सहा महिन्यांपासून दर पंधरवड्याला निमिषने जाऊन-येऊन करत होत्या. पूर्वी पाच आठवड्यांनी केस रंगवायला यायच्या. आता दर पंधरा दिवसांनी.

"हर्षाताई, तुमचा रंग भेसळीचा झालाय," त्या म्हणाल्या.

"रंग जागेवर आहे, मॅडम. मुळं पळताहेत." हर्षाने भांग पाडून आरशात दाखवलं. बोटाच्या पेराएवढे पांढरे. "टेन्शन घेता का?"

"डॉक्टर तेच म्हणतात. पाळीही दर बारा दिवसांनी येते. म्हणे, जायची वेळ झाली की असं होतं." मॅडम हसल्या. "प्रत्येक वेळी पोचलं की दोन किलो कमी, आणि पाय कापसाचे. बाकी सेवा मात्र उत्तम हं. जाग येते तेव्हा अंग पुसलेलं, नखं कापलेली. पुरुषांची दाढीसुद्धा करून देतात."

"अठ्ठेचाळीस मिनिटांत?"

"यंत्रं आहेत ना."

हर्षाला त्या यंत्रांचा जरा मत्सरच वाटला. तिला नुसतं फेशियल करायला पाऊण तास लागायचा. पुढचा विचार तेव्हा तिने केला नाही. दर पंधरा दिवसांचं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

ऋजुताला दिवस गेले तेव्हा हर्षाने दोन गोष्टी फोनवरच ठरवून टाकल्या. डोहाळजेवण इथे आणि पहिलं बाळंतपणही इथेच.

"आई, इथे दवाखाना घरासमोर आहे."

"असू दे. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. तुझे बाबा म्हणतात ना, अमरावतीपेक्षा जवळ आहे. मग अमरावतीहून आली असतीस तशी ये."

ऋजुताने फार ताणून धरलं नाही. तिचा नवरा सौमित्र उत्तरेकडच्या लिथियमच्या खाणीवर अभियंता होता. चौदा दिवस तिकडे, सात दिवस घरी. घरासमोरचा दवाखाना बाळंतिणीला खीर करून देत नाही, हे तिलाही कळत होतं.

सातव्या महिन्यात, एकोणतिसावा आठवडा लागल्यावर, ती एका शुक्रवारी आली. यानातून उतरली ती चाकांच्या खुर्चीत बसूनच. पाय थरथरत होते, गालफडं बसली होती. निमिषचा शीण, सगळ्यांना होतो, असं तिथल्या मुलीने सांगितलं. शनिवारी डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी भरली, शेजारच्या बायकांनी पेढा की बर्फी केलं. संध्याकाळी हर्षाने तिच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली. हातांच्या नखांना रंग लावायला निमिषमध्ये मनाई होती, बोटांना ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात म्हणून. मग हर्षाने तिचे पाय मांडीवर घेतले आणि पायाच्या नखांना पोपटी रंग लावला.

"आई, नियमात बसत नाही गं."

"मोजे घाल. पायाकडे कोण बघतंय? तुला वाकता येत नाही तोवर मला हौस करू दे."

रविवारी संध्याकाळी सहाला ती परत गेली. सात वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर तिचा चेहरा आला. तिकडे सकाळ होती.

"पोचले गं. हातपाय गळालेत, पण ठीक आहे." तिने केस मागे सारायला हात वर केला.

हर्षाने तो हात बघितला. दुपारी निघताना तळव्यावरचा मोर जांभळट काळा होता. आता मोराची मान होती आणि पिसारा गेला होता. उरलं होतं ते नारिंगी, चट्ट्याचट्ट्यांचं.

"हाताला काय लावलंस?"

"काही नाही. पुसतात ना ते फेस लावून, त्यानं गेली असेल."

"दुसरा दाखव."

दुसरा हातही तसाच. फेसाने मेंदी जाते तेव्हा सारखी फिकटते. ही कातडीबरोबर गळत गेली होती, बोटांच्या टोकांकडे आधी, मनगटाकडे नंतर. अकराव्या दिवशी जाते तशी.

"ऋजू, मोजे काढ."

"आता?"

"काढ गं. नख दाखव. अंगठ्याचं."

ऋजुताने कुरकुरत फोन खाली नेला. पोपटी रंग शाबूत होता. पण रंग आणि कातडी यांच्यामध्ये, नखाच्या बुडाशी, कोऱ्या नखाची बारीक फट होती. दोऱ्याएवढी. काल संध्याकाळी हर्षाने रंग अगदी कातडीला भिडवून लावला होता. कापायला नखाचं टोक सापडतं. बूड कुणाला कापता येत नाही.

"आई, काय झालं?"

"काही नाही," हर्षा म्हणाली. "खाऊन घे."

मंगळवारी ऋजुताची सोनोग्राफी झाली. बाळ छान होतं, फक्त तीन आठवड्यांनी मोठं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी हसून सांगितलं की तारीख चुकली असणार.

"तारीख चुकायला सौमित्र घरी असायला हवा होता ना," ऋजुताने आईला सांगितलं, आणि हसली. हर्षाला हसू आलं नाही. येताना अकरा दिवस, जाताना अकरा दिवस. बावीस.

तिने दिगंबररावांना समोर बसवलं आणि मेंदी, नख, पेठकर मॅडमची मुळं, पाळी, बाळ, सगळं एकामागून एक मांडलं. कारणं सांगणाऱ्या माणसाकडे बघावं तसं ते सुरुवातीला बघत होते. मग उठले, कपाटातून ऋजुताच्या तिकिटाचा करारनामा काढला आणि कंट्रोल रूममध्ये बसल्यासारखं पानागणिक वाचायला लागले. दोन तासांनी त्यांनी पान एकतीसवर बोट ठेवलं.

"प्रवाशाचा अंगकाळ वेळापत्रकातील काळापेक्षा भिन्न असू शकतो," त्यांनी वाचलं. "भिन्न. किती ते लिहिलेलं नाही."

"अंगकाळ म्हणजे?"

"अंगाने भोगलेला काळ." दिगंबरराव म्हणाले. "आधी हे तीन तासांत नेणार होते, आठवतं? मग अठ्ठेचाळीस मिनिटांवर आणलं. बाहेरचा वेळ जितका दाबला तितका आतला फुगला असणार. वेळापत्रकात गाडी वेळेवर, हर्षा. आतल्या माणसाची नोंद कुणी ठेवतच नाही."

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज गोड होता.

"भिन्न म्हणजे नेमका किती, ताई?"

"प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, सर."

"अकरा दिवस?"

"आपल्या प्रवासाचा कालावधी अठ्ठेचाळीस मिनिटं आहे, सर. आणखी काही मदत करू?"

पुढच्या खेपेला पेठकर मॅडम आल्या तेव्हा हर्षाने त्यांनाही सांगितलं. सहा महिन्यांत तेरा खेपा, दर खेपेला बावीस, म्हणजे दोनशे शहाऐंशी दिवस. सहा महिन्यांत तुम्ही सव्वा वर्षाहून जास्त जगलात. मॅडम आरशात स्वतःकडे बघत राहिल्या.

"इमारत पुरी व्हायला दीड वर्ष आहे अजून," त्या शेवटी म्हणाल्या. "मी नाही म्हटलं तर दुसरं कुणी जाईल. तुम्ही रंग लावा, हर्षाताई. जरा गडद लावा."

हर्षाने लावला.

खरी भीती तिला रात्रंदिवस दिसत होती ती कॅलेंडरवर. ऋजुताचं बाळंतपणासाठी यायचं तिकीट पस्तिसाव्या आठवड्याचं होतं. छत्तिसाव्यानंतर बसू देत नाहीत म्हणून मुद्दाम आधीचं काढलेलं. पण तेव्हा पोटातल्या बाळाचे अडतीस भरलेले असणार. त्यात आणखी अकरा दिवस, त्या यानात, त्या बंद कोशात, आई गाढ झोपेत आणि दाढी करणारी यंत्रं फिरताहेत. कळा आल्या तर कुणाला कळणार? बाळ रडलं तर कोण ऐकणार? आणि इथे बाहेर ऋजूचे बाबा घड्याळ बघत उभे, गाडी अगदी वेळेवर.

तिने ऋजुताला फोन केला.

"येऊ नकोस."

"काय?"

हर्षाने सगळं सांगितलं. ऋजुता ऐकत गेली आणि चिडत गेली.

"तूच हट्ट केलास. माहेरचं बाळंतपण, माहेरचं बाळंतपण. मी इथल्या दवाखान्यातलं नाव काढून टाकलं, सौमित्रची रजा तिकडे लावली. आणि आता नखावरून म्हणतेस येऊ नको?"

"माझंच चुकलं. तरी येऊ नकोस."

"आई, डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत. तुझं पार्लर आहे."

"हो," हर्षा म्हणाली. "म्हणून तर नख मला दिसलं. पट्टी घे बेटा. त्या दिवशी फट दोऱ्याएवढी होती, आता त्याला सोळा दिवस झालेत. आजची मोज. मग सोळा दिवसांत किती वाढतं ते दुसऱ्या बोटाला रंग लावून मोज. उलटं गणित कर. मी सांगते म्हणून मानू नकोस."

ऋजुताने फोन ठेवला. सतरा दिवस ती आईशी सरळ बोलली नाही. अठराव्या दिवशी संदेश आला. तिकीट रद्द केलं. खाली एक ओळ होती: उलटं गणित केलं, आई. साडेदहा येतात.

हर्षाने डोळे मिटून घेतले. मग जाऊन देवापुढे दिवा लावला आणि साध्या विमानाचं स्वतःचं तिकीट काढायला सांगितलं. चौतीस तास तर चौतीस तास. तेरा दिवसांनंतरचं मिळालं.

तेरा दिवस मिळाले नाहीत. पाचव्याच दिवशी, संध्याकाळी सहाला, ऋजुताचा फोन आला. तिकडची सकाळ. आवाज बारीक.

"आई, कंबर भरून येतेय. थांबून थांबून. डॉक्टर म्हणतात सुरू झालंय, पण पहिलटकरीण आहे, उद्यापर्यंत लांबेल. सौमित्र निघालाय, पण खाणीकडचा रस्ता वादळाने बंद आहे. परवा पोचेल."

"शेजारी कुणी आहे?"

"एक आजी आहेत. त्यांचं मला कळत नाही, माझं त्यांना." मग तिचा धीर सुटला. "आई, मला भीती वाटतेय गं."

पुढचं साधं विमान परवा होतं. निमिष साडेआठला.

दिगंबरराव दारात उभे राहिले. "तू जाणार त्यात? सगळं ठाऊक असून?"

"माझे अकरा दिवस जातील. तिचे जात नाहीत ना, झालं तर."

"मीही येतो."

"एकच जागा उरलीये, अहो. आणि तुम्ही तिथे काय करणार, कळांचं वेळापत्रक लावणार?"

ते हसले नाहीत. त्यांनी तिची पिशवी भरली. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मऊ धुतलेल्या साडीचे तुकडे. व्हिसा आधीच काढलेला होता. निमिषच्या तळावर पोचल्यावर एक अर्ज भरायचा होता, वय, रक्तदाब, वजन. वजन विचारलं की हर्षाचा हात आपोआप खोटं लिहायचा. पार्लरवालीने चौऱ्याहत्तर किलो असणं धंद्याला शोभत नाही, म्हणून पंचवीस वर्षं ती सगळीकडे बासष्ट लिहीत आली होती. इथेही घाईत बासष्टच लिहिलं. झोपेचं औषध त्याच आकड्यावरून देतात, हे तिला तेव्हा सुचलं नाही. कुणी तपासलंही नाही.

निघण्याआधी ऋजुताशी शेवटचं बोलणं झालं. "तासाभरात येते," हर्षा म्हणाली आणि फोन पेटीत टाकला.

कोश पारदर्शक होता, गादी मऊ होती. दंडात सुई गेली. झाकण बसलं. पुढचं काही कळलं नाही.

मग कळलं.

आधी वाटलं पोचलो. पण यानात आवाज नव्हता. निळसर, दुधात शाई पडल्यासारखा उजेड होता आणि समोर कोशांच्या रांगा होत्या, आत माणसं, तोंडात नळ्या, डोळे मिटलेले. हर्षाने हात हलवायचा प्रयत्न केला. पट्टे मऊ होते, पण पट्टेच होते. जीभ जड होती. ओरडायचं म्हटलं तर घशातून हवा तेवढी आली.

अठ्ठेचाळीस मिनिटं, तिने स्वतःला सांगितलं. बाहेर अठ्ठेचाळीस मिनिटंच चाललीत. तेव्हा तिला आठवलं की ती बाहेर नाही.

यंत्र आलं. छताच्या रुळावरून एक लांब हात रांगेतून सरकत होता. एकेकाला कुशीवर वळवत होता, पुसत होता, नखं कापत होता. तिच्या कोशात आला तेव्हा तिने श्वास धरला. ओला, कोमट स्पर्श मानेवरून गेला, पाठीवरून गेला, आणि हाताने तिला हळूच, अगदी मायेने म्हणावं तसं, डाव्या कुशीवर वळवलं. त्याला ती जागी आहे की नाही याचं देणंघेणं नव्हतं.

डाव्या कुशीवर शेजारचा कोश दिसला. आत साठीचा एक गृहस्थ होता. त्याचे डोळे उघडे होते.

मग त्या डोळ्यांची उघडझाप झाली. दोनदा. तिनेही दोनदा केली. यापलीकडे त्या दोघांना एकमेकांना काही सांगता येत नव्हतं.

काळ मोजायला तिच्याकडे तेवढाच माणूस होता. यंत्र त्याची दाढी करून गेलं की गाल गुळगुळीत असायचे. मग त्यावर सावली यायची, मग मोहरीएवढे खुंट, आणि मग यंत्र यायचं. खुंट एका दिवसाचे होते, यात तिला शंका नव्हती. म्हणजे यंत्राची एक फेरी म्हणजे एक दिवस. पहिली, दुसरी, तिसरी. मधे कधीतरी गुंगी यायची आणि ती घाबरून स्वतःला जागी ठेवायची, फेरी चुकेल म्हणून.

चौथ्या फेरीनंतर तिला वाटायला लागलं की यान बंद पडलंय. ते कुठेच जात नाहीये. बाहेर अहो घड्याळ बघताहेत, त्यांचं पस्तिसावं मिनिट चालू आहे, आणि ती पस्तीस मिनिटं आता कधीच छत्तीस होणार नाहीत. पाचव्या फेरीला शेजारचा गृहस्थ रडला. आवाज नव्हता. पाणी कानाकडे ओघळत होतं आणि यंत्राने येऊन तेही पुसलं. सहाव्या फेरीपर्यंत हर्षा लेकीचा आवाज आठवत होती. भीती वाटतेय गं, हे वाक्य तिने इतक्या वेळा मनात फिरवलं की त्यातला आवाज झिजला. शब्द उरले, ऋजू उरली नाही. तिला वाटलं, हा शेवट. आता आपण पोचलो तरी कुणाकडे पोचणार, हे आपल्याला आठवणार नाही.

सातव्या फेरीनंतर उजेड पिवळा झाला.

झाकण उघडलं. गणवेशातली मुलगी वाकून हसत होती. "स्वागत आहे, मॅडम. वेळेवर पोचलोय. प्रवास कसा झाला?"

शेजारच्या गृहस्थालाही एक मुलगा तेच विचारत होता. हर्षाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"छान," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. "डोळा लागला कधी, कळलंच नाही." मग त्याने परतीचं तिकीट उद्याचं आहे ना, एवढं विचारून घेतलं.

मुलगी अजून हर्षाकडे बघत होती. तिच्या हातात एक पाटी होती, त्यावर दोन चौकोन. एक हिरवा, एक लाल. लाल दाबलं की बाजूच्या खोलीत नेतात, डॉक्टर येतात, विचारपूस होते, हे हर्षाने शेजारच्या रांगेत घडताना पाहिलं. एक बाई रडत काहीतरी सांगत होती आणि दोघं जण तिला हळुवारपणे दाराकडे नेत होते. हर्षाच्या घशाशी सात फेऱ्या आल्या होत्या. दवाखाना इथून वीस मिनिटांवर होता.

"छान झाला," ती म्हणाली आणि हिरवा चौकोन दाबला.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर ती भिंतीला धरून धरून पोचली. ऋजुता कुशीवर पडून होती, मूठ पलंगाच्या दांडीवर. शेजारच्या आजी तिची पाठ चोळत होत्या. त्यांनी उठून जागा हर्षाला दिली.

"आलीस?" ऋजुताने मान वळवली. कळ ओसरत होती, कपाळ घामाने डबडबलं होतं. "केवढी वाळलीस गं. झोप तरी झाली का आत?"

"झाली."

"खरंच?"

"खरंच. तू सांग, किती किती वेळानं येतेय?"

"दहा मिनिटांनी." ऋजुताने डोळे बारीक केले. "आई, रडतेस कशाला? दीड तासापूर्वी तर फोनवर बोललो आपण."

हर्षाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग कान अगदी तिच्या तोंडाजवळ नेला.

"बोलत राहा," ती म्हणाली. "काहीही बोल."